पडद्यावरील हेर आणि इतिहासांतील हेर

हेराचें यश आणि त्याची कीर्ति यांचें सहसा जमत नाहीं. सेनापतीनें किल्ला घेतला म्हणजे त्याचे पोवाडे होतात. मुत्सद्द्यानें तह जुळविला म्हणजे तहनाम्यावर त्याची मोहोर उमटते. पण हेरानें आपलें काम चोख बजाविलें म्हणजे जगाला कांहींच कळत नाहीं. येणारें संकट आलें नाहीं, एवढाच त्याच्या पराक्रमाचा पुरावा. आणि न घडलेल्या गोष्टीचा इतिहास कोणी लिहीत नाहीं. चित्रपटाचा धर्म याच्या अगदीं उलट आहे. दाखविणें हा त्याचा प्राण. जी कला दाखवून जगते तिनें लपून जगणाऱ्या विद्येचें चित्र काढावयाचें ठरविलें, म्हणजे दोघींपैकीं एकीला मुरड घालावी लागते. हेरपटाचा रसिक चित्रगृहांतून बाहेर पडतांना अर्धा संतुष्ट व अर्धा अस्वस्थ असतो, त्याचें मूळ येथें आहे.

५ डिसेंबर २०२५ रोजीं प्रदर्शित झालेला आदित्य धर यांचा ‘धुरंधर’ हा या अनुभवाचा ताजा दाखला होय. रणवीर सिंग यांनीं रंगविलेला त्यांतील नायक हमझा हें परकें नांव धारण करून कराचीच्या ल्यारी भागांतील टोळ्यांत शिरतो आणि त्या टोळ्यांचा विश्वास पायरीपायरीनें संपादन करतो. चित्रपट सुमारें साडेतीन तासांचा आहे. तरीहि कथा संपत नाहीं, दुसऱ्या भागाकडे बोट दाखवून थांबते. चोखंदळ रसिकाला यांतील एक गोष्ट मनापासून भावते. हेरगिरी म्हणजे विमानांतून उड्या मारणें नव्हे, तर परक्याच्या पंगतीला बसून वर्षानुवर्षें आपलें नांव विसरणें होय, हें येथें ध्यानांत घेतलें गेलें आहे. अक्षय खन्ना यांनीं उभा केलेला रहमान डकैत तर नायकाहून अधिक काळ डोळ्यांसमोर राहतो. परंतु तोच रसिक रक्तपाताच्या अतिरेकानें विटतो. आणि प्रत्यक्ष घडलेले प्रसंग व कल्पित प्रसंग एकाच धाग्यांत ओवलेले पाहून, कोणता मणी खरा व कोणता काचेचा, या विचारांत पडतो.

हा विचार वसईकराला इतरांहून अधिक बोचावा, असें कारण आहे. वसई रोड स्थानकाच्या पूर्वेस एव्हरशाईन सिटी नांवाची वसाहत उभी आहे. विरार मार्गावरील अशा वसाहतींतील हजारों माणसें रोज मुंबईच्या गाडींत उभीं राहून पोटामागें जातात व रात्रीं परततात. ११ जुलै २००६ च्या सायंकाळीं याच पश्चिम मार्गावरील सात गाड्यांत अवघ्या अकरा मिनिटांत स्फोट झाले. माटुंग्यापासून मीरा रोडपर्यंत रूळ रक्तानें माखले आणि १८० हून अधिक माणसें घरीं परतलीं नाहींत. त्या खटल्यांत २०१५ सालीं बारा जणांना शिक्षा झाल्या. २१ जुलै २०२५ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें त्या रद्द ठरवून आरोपींना दोषमुक्त केलें, आणि प्रकरण पुढें सर्वोच्च न्यायालयांत गेलें. पडद्यावर अपराधी कोण हें पहिल्या तासांत कळतें व शेवटीं त्याला शासन होतें. येथें १९ वर्षें लोटल्यावरहि जखमेला निश्चित उत्तर मिळालें नाहीं. म्हणून येथील प्रेक्षक हेरपट पाहतो तेव्हां तो केवळ करमणूक मागत नाहीं. कोणीतरी वेळेवर सावध होता, कोणीतरी आधीं पोहोंचला, एवढें समाधान त्याला हवें असतें. चित्रपट तें समाधान देतो, हें त्याचें बळ; तें उसनें असतें, हें त्याचें वैगुण्य.

हिंदी चित्रपटसृष्टीला हेराचा नाद नवा नाहीं. १९६७ सालीं ‘फर्ज’मध्यें जितेंद्र यांनीं गुप्तहेर रंगविला. १९६८ सालीं रामानंद सागर यांचा ‘आँखें’ झळकला, आणि त्याच वर्षीं २१ सप्टेंबर रोजीं भारत सरकारनें परदेशांतील हेरगिरीसाठीं ‘रॉ’ ही स्वतंत्र संस्था स्थापन केली. पडद्यावरील हेर गाणीं म्हणत होता, तेव्हां रामेश्वरनाथ काव हे त्या संस्थेचे पहिले प्रमुख प्रसिद्धीपासून कटाक्षानें दूर राहत होते. पुढें ‘एक था टायगर’ (२०१२) व ‘पठान’ (२०२३) यांनीं हेराला जवळजवळ पुराणांतील वीर बनविलें. उलट मेघना गुलजार यांच्या ‘राजी’नें (२०१८) हेराच्या मनाला पडणारी किंमत मोजण्याचा प्रयत्न केला. ‘धुरंधर’ या दोन वाटांच्या मध्यें उभा आहे, आणि रसिकाची द्विधा मनःस्थिति त्याच्या त्या उभें राहण्यांतूनच निर्माण होते.

आपल्या परंपरेंत या विद्येचा विचार फार थंड डोक्यानें झालेला आहे. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत हेरांचे दोन वर्ग कल्पिले : एका ठिकाणीं ठाण मांडून बसणारे ‘संस्था’ व हिंडतें राहणारे ‘संचार’. विद्यार्थी, शेतकरी, व्यापारी, तपस्वी, भिक्षुकी अशीं सोंगें त्यानें नेमून दिलीं आणि तिघांची खबर जुळल्यावांचून तीवर विसंबूं नये, असा नियम घातला. शिवकालांत हीच दक्षता दिसते. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरींत बहिर्जी जाधव या जासुदाचा उल्लेख येतो तो १६६४ च्या सुरतेच्या मोहिमेसंबंधानें. ज्या माणसाच्या खबरेवर एवढी दूरची स्वारी आखली गेली, त्याच्याविषयीं बखरकार मोजकेच शब्द खर्च करतो. ५ एप्रिल १६६३ च्या रात्रीं लाल महालांत शाइस्तेखानावर पडलेला छापा २०१९ च्या ‘फत्तेशिकस्त’ या मराठी चित्रपटानें रंगविला. त्यांत बहिर्जींना मानाचें स्थान मिळालें, हें योग्यच झालें. परंतु बहिर्जींच्या सोंगांच्या ज्या कथा घरोघरीं सांगितल्या जातात त्यांतील बहुतेक परंपरेच्या आहेत, कागदांच्या नव्हेत. जो इसम कागदावर पुरता उमटला नाहीं, तो आपल्या धंद्यांत निष्णात होता असेंच त्यावरून म्हणावें लागतें.

वसईकराला तर यासाठीं पुण्यापर्यंत जाण्याचीहि गरज नाहीं. १५३४ च्या तहानें वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि दोनशे वर्षें त्यांच्या उत्तर फिरंगाणाचें मुख्य ठाणें होऊन राहिली. हें राज्य उलथावें म्हणून ज्यांनीं जिवाचें रान केलें त्यांत भिवंडीजवळच्या अंजूरचे गंगाजी नाईक व त्यांचे बंधु अग्रेसर होते. धर्माचरणावरील जाचानें गांजलेल्या प्रजेचें गाऱ्हाणें त्यांनीं पेशव्यांच्या दरबारीं नेलें. मालाडच्या अंताजी रघुनाथ कावळे यांच्यासारखे स्थानिक लोक त्यांस मिळाले. खाड्या, वाटा, ठाणीं व भरती-ओहोटी यांची माहिती बाहेरच्या सैन्याला कोठून असणार? ती या माणसांपाशीं होती. ठाण्याचा नवा किल्ला पोर्तुगीज बांधीत होते व तो अजून अपुरा होता, नेमक्या त्याच वेळीं, १७३७ च्या वसंतांत, मराठ्यांनीं साष्टींत पाऊल टाकलें आणि ठाणें घेतलें. बंदोबस्त पुरा होण्याच्या आधीं घाव घालणें, यांत तलवारीइतकाच खबरेचा वांटा होता.

तथापि खबरेनें सर्व कांहीं साधत नाहीं, हेंहि वसईनेंच शिकविलें. १७३७ सालीं वसई हातीं आली नाहीं. पुढें दोन वर्षें झुंज चालली. माहीम, केळवें, तारापूर हीं ठाणीं पडलीं. १७३९ च्या मे महिन्यांत तटाखालीं सुरुंग उडविले गेले, त्यांतील कांहीं उशिरां उडून मराठ्यांचीच माणसें कामास आलीं. अखेर चिमाजी आप्पांपुढें किल्ल्यानें शरणागति पत्करली. चित्रपटांत एका माणसाच्या धाडसानें जें तीन तासांत घडतें, तें येथें हजारोंच्या मरणानें व दोन वर्षांच्या चिकाटीनें घडलें.

आणि या कथेचा शेवट हेरपटांनीं लक्षांत ठेवण्याजोगा आहे. शरण आलेल्या शिबंदीला सशस्त्र व सन्मानानें बाहेर पडूं दिलें गेलें. मागें राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांना धर्माचरणाची मुभा मिळाली. ज्या लढ्याची ठिणगीच धर्मावरील जाचानें पडली, त्याच्या विजेत्यानें तो जाच उलटा फिरविला नाहीं. वसईंतील ख्रिस्ती समाज आजहि मराठी बोलतो, मराठी वाङ्मयांत भर घालतो, यामागें त्या तहाचेंहि थोडें पुण्य आहे. शत्रु राज्य असतें, शत्रूच्या मुलखांतील प्रत्येक माणूस शत्रु नसतो, हा विवेक ज्या हेरपटांत सांभाळला जातो तो मनांत टिकतो; ज्यांत तो सुटतो तो कितीहि कुशलतेनें रचलेला असला तरी प्रेक्षकाच्या मनांत राग तेवढा ठेवून जातो. ‘धुरंधर’विषयीं रसिकांच्या घरांत जो वाद झडला, त्याचा खरा विषय हाच आहे.

तेव्हां अशा चित्रपटाची आवड बाळगणाऱ्यानें संकोच मानण्याचें कारण नाहीं, आणि त्याच्याविषयींची शंका गिळून टाकण्याचेंहि नाहीं. धाडस पाहून उर भरून यावा, हें निरोगी मनाचें लक्षण आहे. त्या धाडसाचा हिशेब मागावा, हें जागृत मनाचें. मुलांनीं पडद्यावरील हेराची वाखाणणी केली, तर वडील माणसांनीं त्यांना एखाद्या रविवारीं खाडीकांठच्या त्या पडक्या तटाशीं न्यावें आणि अंजूरच्या नाइकांचें नांव सांगावें. किल्ला घेणाऱ्याचें स्मारक तेथें आहे. किल्ल्याची वाट दाखविणाऱ्यांचें स्मारक मात्र ऐकणाऱ्यांच्या स्मरणांतच उभारावें लागतें.