सातारच्या वकिलाचा लंडनवास

मराठी माणसाच्या परदेशवासाचा इतिहास सांगताना शिक्षणासाठी किंवा बॅरिस्टरीसाठी विलायतेला गेलेल्यांपासून आरंभ करण्याची रीत पडली आहे. परंतु त्या पिढीच्या कितीतरी आधी, सुएझचा कालवा (१८६९) खणला जाण्यापूर्वी, साताऱ्याचे पदच्युत छत्रपती प्रतापसिंह यांचे वकील, म्हणजे दरबाराचे अधिकृत प्रतिनिधी, रंगो बापूजी गुप्ते १८४० पासून १८५३ च्या अखेरीपर्यंत लंडनमध्ये राहिले, आणि हा दीर्घ वास घडला तो एका राजकीय दाव्यापायी. मराठी वकिलाने समुद्र ओलांडण्याचा हा पहिलाच प्रसंग नव्हता. १७८१ मध्ये रघुनाथरावांचे वकील हणमंतराव लंडनला जाऊन आले होते. तेथे ब्रिटिश संसद सदस्य एडमंड बर्क यांनी त्यांची राहण्याची व स्वयंपाकाची वेगळी सोय करून दिली, तरीही मायदेशी परतल्यावर समुद्रगमनाचे प्रायश्चित्त त्यांना चुकले नाही.

साताऱ्याच्या दाव्याचे मूळ २५ सप्टेंबर १८१९ च्या तहात होते. पेशवाई बुडाल्यावर ईस्ट इंडिया कंपनीने या तहाने सह्याद्रीपासून पूर्वेकडे पंढरपूर-विजापूरच्या बाजूपर्यंत आणि नीरेपासून दक्षिणेस वारणा-कृष्णेपर्यंत पसरलेले राज्य प्रतापसिंहांना दिले; आजच्या सांगली जिल्ह्याचाही काही भाग त्यात येत होता, आणि जत, औंध, फलटण, भोर यांसारख्या जहागिरी साताऱ्याशी जोडलेल्या होत्या. या जहागिरींवरील हक्काचा वाद मुंबई सरकारशी चिघळत गेला. पुढे गोव्याच्या पोर्तुगीजांशी व नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधल्याचे आणि कंपनीच्या देशी पलटणीतील अधिकाऱ्यांना फितवल्याचे आरोप महाराजांवर ठेवण्यात आले. दोष मान्य केल्यास गादी राहील, अशी गव्हर्नर सर जेम्स कार्नाक यांची अट होती. महाराजांनी ती नाकारली, म्हणून सप्टेंबर १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीस पाठवण्यात आले व त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना गादीवर बसवण्यात आले. मुंबईत नाकारलेला न्याय लंडनच्या वरिष्ठांकडून मिळेल, हा विश्वास या सगळ्या वकिलातीच्या मुळाशी होता.

तेव्हाच्या जलद मार्गाने जाणाऱ्याला मुंबईहून आगबोटीने तांबड्या समुद्रातून सुएझ गाठावे लागे, तेथून वाळवंट तुडवत कैरो, मग अलेक्झांड्रिया आणि भूमध्य समुद्र. परंतु खरी कसोटी लंडनच्या राजकारणाची होती. लेडनहॉल स्ट्रीटवरील कंपनीच्या कचेरीत दोन सभा असत: कारभार पाहणारे संचालक मंडळ आणि भाग विकत घेतलेल्या सर्वांची भागधारक सभा. या दुसऱ्या सभेत वादविवाद मोकळेपणाने होत, म्हणून गुलामगिरीविरोधी चळवळीतील वक्ते जॉर्ज थॉम्प्सन, संसद सदस्य जोसेफ ह्यूम अशा भागधारकांनी तेथे साताऱ्याचा प्रश्न वारंवार उपस्थित केला. रंगो बापूजींच्या नावाने अर्ज व पुस्तिका छापून निघत राहिल्या. साताऱ्याच्या दरबारी रीतीत वाढलेल्या माणसाने सभा, छापखाना आणि लोकमत ही इंग्रजांचीच हत्यारे इंग्रजांविरुद्ध वापरावीत, हे त्या काळात विलक्षणच म्हटले पाहिजे.

तरीही ही हत्यारे बोथट ठरणार होती, आणि त्याचे कारण वकिलाच्या कर्तबगारीत शोधणे अन्यायाचे होईल. १७८४ च्या पिटच्या कायद्याने ब्रिटिश सरकारचे नियामक मंडळ कंपनीच्या डोक्यावर बसले होते, आणि या मंडळाने मान्य केलेला संचालकांचा निर्णय रद्द करण्याचा अधिकार भागधारकांना उरला नव्हता. म्हणजे जेथे साताऱ्याची बाजू सर्वाधिक ऐकली जात होती, तेथेच निकाल फिरवण्याची सत्ता सर्वांत कमी होती.

१४ ऑक्टोबर १८४७ रोजी प्रतापसिंह काशीत वारले, पुढच्या वर्षी आप्पासाहेबही गेले आणि मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचा विरोध असतानाही गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केले. त्यानंतरही रंगो बापूजी लंडनमध्येच राहून प्रतापसिंहांच्या कुटुंबाचा दावा लढत राहिले. अखेरीस डोक्यावर कर्ज झाले; ते फेडण्यास रक्कम आणि परतीचे भाडे ज्या कंपनीविरुद्ध ते भांडत होते तिनेच दिले. यात औदार्यापेक्षा कटकट मिटवण्याची घाई अधिक दिसते.

परतल्यावर रंगो बापूजींनी अर्जांची वाट सोडली. १८५७ मध्ये साताऱ्यात त्यांच्या पुढाकाराने रचलेला उठावाचा कट उघडकीस आला आणि ८ सप्टेंबर १८५७ रोजी गेंडामाळावर १७ जणांना फाशी देऊन, तोफेच्या तोंडी देऊन व गोळ्या घालून ठार करण्यात आले. त्यांत रंगो बापूजींचा पुत्र सीताराम होता. खुद्द रंगो बापूजींना पकडण्यासाठी इनाम लावण्यात आले, परंतु ते सरकारच्या हाती कधीच लागले नाहीत.