तेलीबांध्याचा ध्वनी आणि माख अंक

तेलीबांध्याहून धमतरी-राजिमकडे धावणारी, आता बंद झालेली छोटी गाडी आमच्यातील वडीलधाऱ्यांना स्मरत असेल. तिचा वेग ताशी 30 किलोमीटर धरला, तर सेकंदाला 8.3 मीटर होतो. तलावाकाठी पारा 30 अंशांवर असता ध्वनी सेकंदाला 349 मीटर जातो. पहिल्याला दुसऱ्याने भागले की 0.024 येते. हाच माख अंक. वस्तू हवेतून जावो वा हवा स्थिर वस्तूवरून वाहो, हिशेब तोच.

भागाकार सोपा, खरी मेख छेदात आहे. न्यूटनने काढलेला ध्वनीचा वेग सुमारे 15 टक्क्यांनी कमी भरला, कारण ध्वनिलहरीत दबलेली हवा क्षणभर तापते हे त्याने धरले नव्हते. 1816 मध्ये लाप्लासने ती उणीव दूर केली. हवा जितकी थंड, तितका ध्वनी मंद. 1887 मध्ये एर्न्स्ट माख व साल्खर यांनी धावत्या गोळीपुढील आघाततरंगाची छायाचित्रे प्रसिद्ध केली. गुणोत्तराला माखचे नाव मात्र 1929 मध्ये आकेरेट यांनी दिले.

14 ऑक्टोबर 1947 रोजी येगर यांनी 1.06 माख गाठला तो सुमारे 13 किलोमीटर उंचीवर. तेथे ध्वनीचा वेग सेकंदाला 295 मीटर, म्हणजे विमानाचा वेग 313 मीटर. तोच वेग तेलीबांध्यावर धरला तर उत्तर 0.90 येते! म्हणून नुसता वेग सांगणे पुरेसे नसते.

आकेरेट ज्या प्रांटल यांच्या हाताखाली गॉटिंगेनला काम करीत होते, त्यांच्याचकडे कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचे विष्णु माधव घाटगे 1930 च्या दशकात शिकले. परतल्यावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत 1942 मध्ये निघालेल्या विमानविद्या विभागाच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. त्यांच्या चमूचे एच.टी.-2 विमान 1951 मध्ये उडाले.

त्याच बंगळुरात कुर्ट टांक यांनी आखलेले ‘मरुत’ 1961 मध्ये झेपावले. संकल्प 2 माखचा होता. योग्य इंजिन न मिळाल्याने ते कसेबसे 1 च्या आसपास पोहोचले. आमच्या मते तेथे गणित चुकले नव्हते, अंशाला बळ मिळाले नाही. घाटग्यांच्या मार्गदर्शनाखालील ‘किरण’ 1964 मध्ये उडाले. ते 1 च्या बरेच खाली राहणारे, शिकाऊ विमान. पण वायुदलाच्या वैमानिकांच्या कित्येक तुकड्या त्यावर शिकल्या.