विजेची गिटार आणि मधला स्वरपट्टा

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर जो नगारखाना आहे, त्यांतून पेशवाईंत चौघडा झडत असे. चौघड्यांत बळ कोणाचें, असें विचारलें तर कोणीहि नगाऱ्याकडे बोट दाखवील. त्याचा घोष छातीला जाणवतो. परंतु दूरच्या आळींत बसलेल्या माणसाला कोणता राग चालला आहे हें सांगणारी सनईच. ती फुंकरीवर वाजणारी, हातभर लांबीची. पण नगाऱ्याच्या गडगडाटांतूनहि तिची वाट कोणी अडवूं शकत नाहीं. विजेच्या गिटारीविषयीं बोलावयाचें असतां सनई कशाला, असें आपल्या मनांत येईल. पण गिटारीच्या इतिहासांतला मुख्य प्रश्न हाच आहे. मोठें वाजणें आणि ऐकूं येणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

माणसाच्या कानाला सेकंदास सुमारें २० पासून २०,००० पर्यंत कंपनें ऐकूं येतात. या विस्तीर्ण मुलखांतील साधारण २५० पासून ४,००० पर्यंतच्या भागाला मी मधला पट्टा म्हणतों. मध्य सप्तकाशीं याची गल्लत करूं नये. गवई मंद्रांत उतरला तरी त्याच्या स्वराबरोबर निघणारे उपस्वर याच पट्ट्यांत येऊन पडतात. आणि त्यांच्या कमीअधिक जोरावरूनच ‘आ’ कोणता व ‘ई’ कोणती हें आपण ओळखतों. १९३३ मध्यें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर व मन्सन या शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, आपला कान निःपक्षपाती नाहीं. तीन-चार हजार कंपनांच्या आसपास तो अतिशय तिखट असतो, आणि आवाज लहान होऊं लागला कीं खालचे स्वर त्याच्या हातून अगोदर निसटतात.

ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या यंत्रांनीं तर हा पक्षपात सक्तीचाच केला. १९०२ मध्यें कलकत्त्यास गोहरजानचें गाणें कर्ण्यापुढें मुद्रित झालें, तेव्हां त्या कर्ण्याला सुमारें २५० ते २,५०० एवढींच कंपनें पकडतां येत होतीं. डग्ग्याचा घुमारा गेला, झांजेची झळाळी गेली; गळा तेवढा राहिला. १९२५ पासून मायक्रोफोन आला आणि पट्टा रुंदावला. पुण्यापुरतें बोलावयाचें तर १९३३ मध्यें प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुराहून येथें आली आणि बोलपटाच्या ध्वनीचें शास्त्र या शहरांत नांदूं लागलें. १९३७ च्या ‘कुंकू’मध्यें शांतारामबापूंनीं पार्श्वसंगीत अजिबात न वापरतां केवळ कथेंतल्याच आवाजांवर चित्रपट उभा केला, हें धाडस आजहि विसरण्याजोगें नाहीं. पुढच्याच वर्षीं हॉलीवुडच्या अकादमीनें चित्रगृहांसाठीं जें प्रमाण ठरविलें, त्यांत दोन हजार कंपनांच्या वरचा आवाज हळूहळू उतरविलेला असे. कारण फिल्मवरची खरखर तेथेंच फार. एकंदरींत आपल्या आजोबांच्या पिढीचा कान मधल्या पट्ट्यावरच पोसला गेला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां गिटारीकडे येऊं. लाकडी गिटारीचा आवाज नाजूक. नाचगाण्याच्या वाद्यवृंदांत कर्णे आणि ढोल यांपुढें ती दिसे, पण ऐकूं येत नसे. या अडचणींतून १९३१-३२ च्या सुमारास लॉस एंजेलिस येथें जॉर्ज बोशँ व अडॉल्फ रिकनबॅकर यांनीं लोहचुंबक आणि तारेचें वेटोळें यांच्या योगें पोलादी तारेचें कंपन विजेंत उतरविलें. तें पहिलें वाद्य मांडीवर आडवें ठेवून वाजविण्याचें, हवाई तऱ्हेचें होतें, आणि आकारावरून लोकांनीं त्याचें नांव ‘तळणीचा तवा’ असें पाडलें. याच हवाई गिटारीनें पुढें हिंदी चित्रपटगीतांच्या तबकड्यांतून आपल्या घरांत प्रवेश केला.

या वाद्याची मर्यादा लक्षांत घ्यावी. त्याची सर्वांत खर्जाची तार ८२ कंपनांवर लागते, आणि त्याच्या बारा इंची ध्वनिक्षेपकाचा जोर पांच हजारांच्या पुढें झपाट्यानें ओसरतो. म्हणजे ही गिटार बहुतांशीं मधल्या पट्ट्याचेंच वाद्य आहे. तो पट्टा काढून घेतल्यास मागें फार थोडें उरतें.

आणि नेमका तोच काढून घेण्याची सोय प्रवर्धकांत फार लवकर झाली! कॅलिफोर्नियांतील लिओ फेंडर हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. १९५० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत त्याच्या ‘बासमन’ प्रवर्धकावर तीव्र आणि खर्ज या दोन खुंट्यांबरोबर ‘मिडल’ अशी तिसरी खुंटी आली. या खुंट्यांच्या मंडलांत शक्ति वाढविण्याची सोय नसते; तें मंडल केवळ कमी करूं शकतें. शिवाय त्याची घडणच अशी कीं, खुंट्या मध्यावर ठेवल्या तरी मधल्या पट्ट्यांत एक खड्डा राहतोच. फेंडरच्या पुढील कित्येक प्रवर्धकांवर तर ही तिसरी खुंटी नव्हतीच. खड्डा मात्र होता. १९६२ मध्यें लंडनच्या जिम मार्शल या दुकानदारानें, जो स्वतः ढोलवादक होता, बासमनच्याच मंडलावरून आपला प्रवर्धक करविला. पुढें त्यांतील कांहीं भागांचीं मूल्यें बदलत गेलीं, खड्डा उथळ झाला व वर सरकला. अमेरिकी गिटार झुळझुळीत आणि इंग्रजी गिटार आडदांड, असें जें जाणकार सांगतात, त्याचें बरेंचसें मूळ या खड्ड्यांत आहे.

याहून गमतीची हकीकत १९६६ ची. थॉमस ऑर्गन कंपनींत मधला पट्टा उचलून देणारा एक टप्प्याटप्प्याचा खटका होता. तो महाग पडे, म्हणून ब्रॅड प्लंकेट या तरुण अभियंत्यानें त्याऐवजीं फिरती खुंटी बसविली. खुंटी फिरवितांना गिटार माणसासारखी ‘वा-वा’ असें बोलूं लागली! मग ती खुंटी पायाखालच्या पट्टीला जोडली गेली. स्वरवर्णांविषयीं वर जें सांगितलें, त्याची इतकी सोपी साक्ष दुसरी सांपडणार नाहीं.

१९७१ सालीं ‘दम मारो दम’ या गाण्याच्या आरंभीं भूपिंदर सिंग यांची गिटार वाजली. पेठांतील वाड्यांत तें गाणें लहानशा ट्रान्झिस्टरवर ऐकलें जाई. त्या डबीच्या कर्ण्यांतून खर्ज निघणें अशक्यच. तरीहि गिटार पहिल्या आघाताला ओळखूं येई. जें वाद्य मधल्या पट्ट्यांत भरभक्कम आहे, तें गरिबाच्या रेडिओवरहि गरीब होत नाहीं.

१९८० नंतर पाश्चात्त्य ‘हेवी मेटल’ पंथांतील अनेकांनीं खर्ज व तीव्र चढवून मधला पट्टा पार खालीं नेण्याची चाल पाडली. खोलींत एकटें वाजवितांना हा आवाज फार भव्य वाटतो. पुण्यांतला महाविद्यालयीन तरुणहि घरीं असाच आवाज लावतो आणि त्यावर खूष असतो. स्नेहसंमेलनाच्या रंगमंचावर मात्र खर्ज बास गिटार व ढोल घेतात, तीव्र भाग झांजा घेतात, मधला पट्टा त्यानें आपल्या हातानें रिकामा केलेला असतो, आणि तो दिसेनासा होतो. मग तो आवाजाची खुंटी पिळतो. गायक ओरडूं लागतो. जपानच्या आयबनेझ कंपनीनें १९७९ च्या सुमारास काढलेली ‘ट्यूब स्क्रीमर’ ही हिरवी डबी आजहि खपते, त्याचें एक कारण असें कीं ती खर्ज कापते आणि ७०० कंपनांच्या आसपास स्वर उचलून धरते. एकटी ऐकली तर नाकांत बोलल्यासारखी, मेळांत हवीहवीशी.

‘इक्वलायझर’ म्हणजे समतोलक. हा शब्द मूळचा टेलिफोनच्या तारांचा. लांब तारेंत कांहीं कंपनें अधिक गळत, तीं भरून काढून बोलणें पूर्ववत् करणें हें त्याचें काम. आज त्याच नांवाच्या यंत्रानें आपण समतोल मुद्दाम मोडतों. गणेशोत्सवांत चौकाचौकांतून उभ्या राहणाऱ्या ध्वनिक्षेपकांच्या भिंतींत याचा अनुभव येतो. खिडक्यांचीं तावदानें थरथरतात, पण वाजणाऱ्या गाण्याचा एक शब्द कळेल तर शपथ. मंडळाच्या जुन्या पत्र्याच्या कर्ण्याला खर्ज माहीतच नव्हता. त्यावरची आरती मात्र चार गल्ल्यांपलीकडे अक्षरशः कळत असे. रात्रीं दहानंतर ध्वनिक्षेपकांस मनाई करणारे नियम २००० मध्यें झाले. ते आवाज किती असावा तें सांगतात. कोणत्या पट्ट्यांत असावा हें ठरविणें खुंटीवर बसलेल्या माणसाकडेच आहे.