पौराणिक चित्रांतील छायाप्रकाश व प्रतीके : राजा रविवर्मा

पुराणकथेतील दैवी आशय चित्रात प्रामुख्याने दोन मार्गांनी सूचित होतो : आयुधे, वाहने, अनेक हात यांसारख्या रूढ प्रतीकांनी, किंवा प्रकाशयोजनेने. सतराव्या शतकातील यूरोपीय बरोक चित्रकारांनी दुसऱ्या मार्गाचे सामर्थ्य विशेषत्वाने प्रकट केले. रेम्ब्रँटच्या दानाई (१६३६, हर्मिटेज संग्रहालय, सेंट पीटर्झबर्ग) या चित्रात झ्यूस देव दिसत नाही. ग्रीक कथेत तो सुवर्णवृष्टीच्या रूपाने बंदिवान दानाईकडे येतो. रेम्ब्रँटने मात्र सुवर्णकण न रंगविता केवळ सोनेरी उजेड तिच्या शय्येवर पसरविला आहे. येथे प्रकाश हाच देव होय.

भारतीय लघुचित्रपरंपरेत प्रकाश सामान्यतः सर्वत्र सारखा असतो व आकृतींची छाया पडत नाही. देवता वर्ण, आयुधे व प्रभामंडळ यांवरून ओळखली जाते. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांनी यूरोपीय तैलरंगपद्धतीतील छायाप्रकाश पुराणविषयांना लावला, तेव्हा एक प्रश्न उद्‌भवला : एका बाजूने उजेड पडताच देवतेला घनता व मांसलता येते आणि ती मानवी भासू लागते.

कथाचित्रांत रविवर्मांनी ही मानवी पातळी स्वीकारली. त्यांच्या जटायुवधाच्या चित्रातील रावणाला एकच मस्तक आहे. दशाननाचे रूढ चिन्ह गळाल्यामुळे अधर्माची सूचना त्याचा सावळा देह व सीतेची उजळ कांती यांच्या विरोधातून, तसेच उगारलेले खड्‌ग व जटायूचा छेदलेला पंख यांतून होते. लक्ष्मी, सरस्वती यांच्या चित्रांत मात्र चार हात, कमळ, वीणा, मोर ही चिन्हे कायम आहेत. प्रकाश लौकिक, पण ओळख शास्त्रोक्त.

त्यांचा शिळामुद्रणाचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला व १८९९ मध्ये लोणावळ्याजवळील मळवली येथे हलविण्यात आला. दर रंगासाठी वेगळी शिळा वापरून व छटा बारीक ठिपक्यांनी साधून तेथे काढलेल्या मुद्रितांमुळे या प्रतिमा घरोघरच्या देवघरांत पोहोचल्या. आनंद कुमारस्वामी यांच्यासारख्या टीकाकारांनी रविवर्मांच्या पौराणिक चित्रांवर नाटकीपणाचा आक्षेप घेतला. कथाचित्रांपुरता तो विचारार्ह असला, तरी पूजेच्या प्रतिमांची लोकमान्यता त्याने स्पष्ट होत नाही. तैलचित्रातील छटांचे मार्दव छपाईत उणावले, तरी प्रतीके वाचता येत राहिली. भाविकाला देवतेची ओळख पटविण्यास ती पुरेशी होती.