आधी परवानगी, मग प्रोग्रॅम

स्मार्टफोनसाठी अ‍ॅप लिहायला शिकवणाऱ्या कार्यशाळांचा इतिहास बहुतेक वेळा एका सरळ कहाणीत उरकला जातो. नवे यंत्र आले, ते अवघड होते, म्हणून जाणकारांनी वर्ग भरवले आणि नवखे लॅपटॉप घेऊन तिथे बसले. कहाणी सोपी आहे, पण तारखांशी तिचे जुळत नाही. आयफोनची अ‍ॅप ज्या ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेत लिहिली जात ती १९८० च्या दशकातली. अँड्रॉइडने घेतलेली जावा १९९५ सालची, आणि अँड्रॉइड फोन येईपर्यंत आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतही ती चांगली रुळली होती. म्हणजे भाषा येणारे लोक जगभर होते. तरी कार्यशाळा मात्र २००७ नंतरच एवढ्या जोराने का भरू लागल्या? माझे म्हणणे असे की त्या कौशल्याच्या टंचाईतून कमी आणि परवानगीच्या टंचाईतून अधिक जन्मल्या. फोनवर आपला प्रोग्रॅम चालवायचा तर कुणाची तरी मुभा, कुणाचे तरी यंत्र, कुणाची तरी सही लागत होती. यातले काय केव्हा अडले होते हे पाहिले, की त्या वेळच्या कार्यशाळेचे रूप तसेच का होते तेही कळते.

घरच्या संगणकाची गोष्ट वेगळी होती. विंडोजवर चालणारा प्रोग्रॅम कुणीही लिहावा, फ्लॉपीवर घालून मित्राला द्यावा. मायक्रोसॉफ्टला विचारायचे कारण नव्हते. फोनमागे मात्र सिमकार्ड होते, बिल होते, मोबाइल कंपनीचे नेटवर्क होते, आणि परक्या प्रोग्रॅमने तिथे धुडगूस घालू नये ही चिंता खोटी नव्हती. २००६ च्या सुमारास नोकियाच्या सिंबियन फोनांची नवी पिढी आली तेव्हा संवेदनशील सुविधा वापरणाऱ्या प्रोग्रॅमला ‘सिंबियन साइन्ड’ व्यवस्थेतून डिजिटल सही घेणे भाग पडले. त्याच सुमारास एमआयटीचे नेथन ईगल यांनी नोकियाच्या सहकार्याने नैरोबी विद्यापीठात मोबाइल प्रोग्रॅमिंगचे शिक्षण सुरू केले. केनियात घरोघरी संगणक नव्हते, पण फोन झपाट्याने पसरत होते. लोकांच्या खिशातला संगणक म्हणजे फोनच, तर शिक्षण तिथूनच सुरू का करू नये, हा ईगल यांचा विचार. स्मार्टफोन म्हणताच कॅलिफोर्नियाकडे पाहण्याच्या आपल्या सवयीत हा धागा सहसा सुटतो.

कॅलिफोर्नियात जे घडले ते अधिक चमत्कारिक आहे. ११ जून २००७ रोजी स्टीव्ह जॉब्ज यांनी अ‍ॅपलच्या वार्षिक परिषदेत डेव्हलपरांना सांगितले की आयफोनसाठी तुम्ही सफारी ब्राउझरमध्ये चालणारी वेब अ‍ॅप लिहा. फोनच्या आतल्या यंत्रणेत बाहेरच्यांना शिरकाव नव्हता. फोन २९ जूनला विक्रीला आला, आणि ६ ते ८ जुलै या तीन दिवसांत सॅन फ्रान्सिस्कोत अ‍ॅडोबीच्या कार्यालयात ‘आयफोनडेव्हकॅम्प’ भरला. तो अ‍ॅपलने भरवलेला नव्हता. २००५ साली पालो आल्टोत सुरू झालेल्या बारकॅम्पच्या धर्तीवर उत्साही लोकांनीच तो उभा केला होता: वक्ते आधी ठरलेले नसत, जमलेल्यांनीच विषय मांडायचे आणि लगेच कामाला लागायचे. या मेळ्यात शिकवणार कोण, हा प्रश्न विचारून पाहावा. यंत्र सगळ्यांच्याच हाती आठवड्याभरापूर्वी आले होते. बोटाच्या स्पर्शाला वेब पान कसे उत्तर देते, ३२० बाय ४८० ठिपक्यांच्या पडद्यावर किती मजकूर मावतो, पान आडवे झाल्यावर काय बिघडते, हे कुणालाच नीट ठाऊक नव्हते. तरीही लोक आले, कारण तिथे फोन होते आणि आदल्या रात्री काहीतरी शोधून काढलेली माणसे होती. शिक्षक नसलेली ही कार्यशाळा माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत बोलका पुरावा आहे. ज्ञान वरून खाली वाहणे हा कार्यशाळेचा गाभा असता, तर हा मेळा भरलाच नसता.

पुढच्या काही आठवड्यांतच हॅकरांनी फोनची बंधने तोडून आत स्वतःचे प्रोग्रॅम चालवले. अ‍ॅपलने १७ ऑक्टोबरला एसडीके, म्हणजे अ‍ॅप लिहिण्याची अधिकृत साधने, देण्याचे जाहीर केले आणि ६ मार्च २००८ रोजी ते दिले. पहिल्या चार दिवसांतच एक लाखांहून अधिक वेळा ते उतरवून घेतले गेले. आता दार उघडले असे वाटावे, तर गुप्ततेचा करार आडवा आला. एसडीकेबद्दल जाहीर बोलायला मनाई होती. १० जुलैला अ‍ॅप स्टोअर ५०० हून अधिक अ‍ॅपसह उघडले. लोक ती विकत घेत होते, पण ती कशी लिहिली हे लिहिणाऱ्याला चारचौघांत सांगता येत नव्हते. प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर्स या प्रकाशनाला आयफोनवरचे पुस्तक अडवून ठेवावे लागले. १ ऑक्टोबर २००८ रोजी अ‍ॅपलने बाजारात आलेल्या सॉफ्टवेअरपुरता हा करार उठवला. त्याच शरद ऋतूत स्टॅनफर्डने आयफोन प्रोग्रॅमिंगचा वर्ग चालवला. शिकवणारे इव्हन डॉल आणि अ‍ॅलन कॅनिस्ट्रारो हे अ‍ॅपलचेच कर्मचारी. २००९ च्या वसंतातल्या वर्गाची व्याख्याने अ‍ॅपलच्या आयट्यून्स यू या व्याख्यानसंग्रहावर फुकट ठेवली, तेव्हा सात आठवड्यांत ती दहा लाख वेळा उतरवली गेली.

इथे एक आक्षेप रास्त आहे. स्टॅनफर्डच्या वर्गात परवानगीपत्रे वाटत नव्हते. तिथे खरोखर अवघड असे काही शिकवले जात होते. आयफोनवर तेव्हा मेमरी प्रोग्रॅमरलाच सांभाळावी लागे, घेतलेली जागा वेळेवर सोडली नाही तर अ‍ॅप कोसळे, आणि जावात वाढलेल्यांना ही शिस्त नवी होती. हे मी मान्य करतो. पण ते ओझे २०११ मध्ये अ‍ॅपलच्या कंपायलरनेच बरेचसे उचलले, तरी कार्यशाळा ओस पडल्या नाहीत. कारण दुसरे ओझे तसेच होते: मॅक संगणक हवा, वर्षाला ९९ डॉलर हवेत, सर्टिफिकेट हवे, प्रत्येक चाचणी-फोनचा क्रमांक नोंदवायला हवा, असे फोन वर्षाला फार तर शंभर, आणि हे सगळे जोडणारी प्रोव्हिजनिंग प्रोफाइल नावाची फाइल हवी. यात एक अक्षर चुकले तरी स्वतःचा प्रोग्रॅम स्वतःच्या फोनवर चढत नसे. प्रोग्रॅमिंगशी याचा काडीचा संबंध नाही. ही शुद्ध कचेरीतली कामे, आणि ती आधी करून चुकलेल्या माणसाशेजारी बसूनच शिकायची. स्वतःच्या फोनवर प्रोग्रॅम चालवण्यापुरती तरी फीची अट जायला २०१५ उजाडावे लागले.

मग अँड्रॉइडचे काय, असे कुणी विचारील. तिथे एसडीके नोव्हेंबर २००७ पासून फुकट, विंडोजवर चालणारे. नोंदणी एकदाच, २५ डॉलरची. आणि तरी अँड्रॉइडच्याही कार्यशाळा भरतच राहिल्या. माझ्या युक्तिवादाला हा सर्वांत मोठा धक्का दिसतो, पण कागदावरची परवानगी आणि हातातली परवानगी यांत अंतर असते. संगणकावर फोनची नक्कल करणारा इम्युलेटर सुरुवातीची काही वर्षे इतका रेंगाळे की साधे बटण दाबून पाहायला धीर लागे. खरा फोन असेल तरच काम पुढे जाई. गूगललाही हे ठाऊक असावे, कारण २००९ च्या आपल्या परिषदेत तिने आलेल्या डेव्हलपरांना फोनच वाटले. आपल्याकडे तर साधने उतरवून घेण्याइतके इंटरनेट हीच मोठी अडचण. आयआयटी मुंबईत प्रा. दीपक फाटक यांनी विद्यार्थ्यांसाठीच्या स्वस्त आकाश टॅब्लेटचे काम हाती घेतले तेव्हा गावोगावची इंजिनिअरिंग कॉलेजे इंटरनेटवरून थेट जोडून हजारो शिक्षकांच्या कार्यशाळा घेतल्या गेल्या, आणि विद्यार्थ्यांकडून त्या टॅब्लेटसाठी अँड्रॉइड अ‍ॅपही लिहून घेतली. टॅब्लेट म्हणून आकाश फसला, हे उघड आहे. पण भाषण मुंबईहून आणि लॅब, मशीन, मदतनीस ज्याच्या त्याच्या गावात, ही मांडणी मला टॅब्लेटपेक्षा मोलाची वाटते.

दुसरा आक्षेप कंपन्यांच्या हेतूवर घेतला जातो: हे सारे आपल्या दुकानात माल भरण्यासाठी. खरेच आहे. २०१६ च्या जुलैमध्ये गूगलने तीन वर्षांत भारतातले वीस लाख डेव्हलपर तयार करण्याची घोषणा केली; सोबत प्रमाणपत्राची परीक्षा, शुल्क ६,५०० रुपये. अ‍ॅपलने त्याच वर्षी नेपल्समध्ये अकादमी उघडली, आणि पुढच्या वर्षी बंगळुरूमध्ये अ‍ॅप अ‍ॅक्सिलरेटर. पण हेतू व्यापारी ठरला म्हणून माझे म्हणणे ढळत नाही, उलट बळकट होते. नेपल्सच्या विद्यार्थ्यांना फुकट शिक्षणाबरोबर मॅकबुक आणि आयफोनही दिले गेले. जे एरवी विकायचे तेच वाटावे लागत असेल, तर अडथळा कुठे होता हे विक्रेत्यानेच कबूल केले म्हणायचे.

उरतो फुकट व्हिडिओंचा मुद्दा. आता सगळे यूट्यूबवर आहे, मग एकत्र बसायचे कशाला? आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्यूटोरियल हा उपक्रम एकट्याने शिकता यावे म्हणूनच रचलेला. त्यातले पाठ मराठीतही आहेत. तरी तो वापरला जातो तो मुख्यतः कॉलेजांच्या लॅबमध्ये, गटाने, वेळ ठरवून. तिथे तज्ज्ञ लागत नाही. लागतात ती चालू मशीने आणि कुलूप उघडणारा माणूस. धारावीत ‘धारावी डायरी’ या संस्थेने २०१४ नंतर मुलींना अ‍ॅप बनवायला शिकवले ते एमआयटीच्या अ‍ॅप इन्व्हेंटरवर, जिथे कोड टाइप न करता ठोकळे जोडायचे असतात. म्हणजे भाषेची अडचण जवळपास संपली. तरी संस्था लागलीच: खोली, लॅपटॉप, टॅब्लेट, आणि मुलींनी संध्याकाळी तिथे बसावे याला घरच्यांची संमती. त्या मुलींनी केलेल्या एका अ‍ॅपचा विषय होता नळावरची रांग, आपली पाळी आल्याचा इशारा मिळावा म्हणून. बंगळुरूच्या अ‍ॅक्सिलरेटरमध्ये हा विषय कुणाला सुचला असता असे मला वाटत नाही.

परवानगीची कथा संपलेली नाही. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गूगलने नव्या वैयक्तिक खात्यांवर अट घातली: अ‍ॅप सर्वांसाठी खुले करण्याआधी २० जणांनी ते सलग १४ दिवस वापरून पाहिलेले असावे. वर्षभरानंतर हा आकडा १२ वर आला. घरात बसून व्हिडिओवर शिकलेल्या एकट्या मुलाला किंवा मुलीला प्रोग्रॅम पूर्ण लिहून झाल्यावरही आता आधी बारा माणसे गोळा करावी लागतात.