मंद चालीची विद्या

मोटारगाडीचा इतिहास सांगूं लागलें म्हणजे बहुधा वेगाच्या शर्यतींपासून आरंभ होतो. आज मी उलट टोंकाकडून येणार आहें. मोटार वेगानें पळविणें पुष्कळांस साधतें. परंतु तीच गाडी माणसाच्या पावलानें, हिसका न देतां चालविणें ही विद्या निराळी आहे. ती अवघड कां, याचें उत्तर इंजिनाच्या स्वभावांत सांपडतें.

टांग्याचा घोडा उभा असतो. मग एक पाऊल टाकतो, मग दुसरें. वाफेचें इंजिनही जागेवरून हळूहळू ओढूं लागतें. पेट्रोलच्या इंजिनास हें जमत नाहीं. त्यानें मिनिटास सुमारें ८०० फेरे तरी घेतलेच पाहिजेत. त्याहून फार खालीं उतरलें कीं तें गुदमरून बंद पडतें. तेव्हां फिरत्या इंजिनाला उभीं चाकें जोडावयाचीं कशीं, हा प्रश्न मोटारीच्या जन्माबरोबरच उपस्थित झाला.

१८९१ सालीं फ्रान्समध्यें एमिल लव्हासोर यानें इंजिन गाडीच्या पुढल्या अंगास बसविलें आणि त्यामागें क्लच व सरकत्या दांतेरी चाकांची पेटी ठेविली. हीच मांडणी पुढें जगभर रूढ झाली. क्लच म्हणजे एकमेकींवर दाबल्या जाणाऱ्या चकत्या. त्या हळूहळू टेकल्या म्हणजे इंजिनाची गति चाकांत उतरते. दांतेरी चाकें मात्र एकमेकांत शिरतांना करकरत. यास्तव जुने ड्रायव्हर गिअर बदलतांना क्लच दोनदां दाबीत व मधल्या क्षणीं इंजिनाची गति जुळवून घेत. १९२८ सालीं अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारींत ही जुळणी आपोआप करणारी ‘सिंक्रोमेश’ योजना आली आणि गिअर बदलण्याचा त्रास बराचसा संपला. मंद चालीचा प्रश्न मात्र डाव्या पायाकडेच राहिला.

मुंबईस मोटारी १८९८ च्या सुमारास आल्या. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमिअर कंपनी स्थापिली आणि कालांतरानें तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेली फियाट घरोघरीं ओळखीची झाली. गिअरचा दांडा सुकाणूच्या चाकाखालीं असलेल्या अशाच एका जुन्या फियाटवर मी १९८५ सालीं शिकलों. शाळेंत मी मास्तर. गाडींत मात्र एका वृद्ध ड्रायव्हरचा विद्यार्थी.

जुनें नाशिक नऊ टेकड्यांवर वसलें असें म्हणतात. नदीकांठाहून गांवांत शिरणारी वाट अरुंद आणि चढाची. एके सकाळीं अशाच चढावर पुढें बैलगाडी अडली. मीं ब्रेक दाबला, पुन्हा निघतांना ब्रेक सोडला. पण क्लच टेकण्यापूर्वींच गाडी हातभर मागें घसरली. मागें भाजीची पाटी घेऊन एक बाई उभी होती. ती चपळाईनें बाजूला झाली म्हणून वांचली. पाटी मात्र चाकाखालीं गेली. माझ्या गुरूंनीं मला रागें भरलें नाहीं. “मास्तर, खालीं उतरा आणि भाजी वेंचा,” एवढेंच ते बोलले. मीं भाजी वेंचली व तिची किंमत दिली. बाईंनीं पैसे घेतले, पण माझ्याकडे पाहिलें नाहीं.

त्या दिवशीं त्यांनीं मला दोन गोष्टी शिकविल्या. पहिली चढाची. हातब्रेक ओढून ठेवावा, क्लच सावकाश वर आणावा. इंजिनाचा सूर खालीं उतरला व गाडीचें नाक किंचित् उचललें म्हणजे क्लच टेकला असें समजावें, आणि मगच हातब्रेक सोडावा. दुसरी गर्दीची. पहिल्या गिअरमध्यें क्लच पूर्ण सोडून, अॅक्सिलरेटरला पाय न लावतां साधारण लहान गाडी ताशीं सहा ते आठ किलोमीटर चालते. बाजारांतला माणूस तीन-चार किलोमीटर चालतो. या तफावतींतच सारी अडचण आहे. नवशिका ती अर्ध्या क्लचवर भागवितो. मग चकत्या घासतात, तापतात, जळका वास सुटतो. जाणता मनुष्य पुढें अंतर पडूं देतो, क्लच पूर्ण सोडून तेवढें अंतर चालतो, पूर्ण दाबून थांबतो आणि पुन्हा वाट पाहतो. सहनशीलतेनें पायाचें अर्धें काम होतें.

हा पायही आतां निवृत्त होऊं लागला आहे. अमेरिकेंत ओल्ड्समोबिल कंपनीनें १९३९ सालीं पूर्ण स्वयंचलित गिअरची मोटार आणिली. आपल्याकडे २०१४ पासून लहान गाड्यांतही यंत्रच क्लच दाबूं लागलें. याबद्दल माझी तक्रार नाहीं. माझा गुडघा तर त्या यंत्राचे आभारच मानतो. पण अंतर पडूं देणें आणि मागें कोण उभें आहे हें पाहणें, हीं दोन कामें यंत्रावर सोंपवून चालणार नाहीं. त्या चढावरून जातांना मी आजही आधीं आरशांत पाहतों, आणि मगच ब्रेकवरचा पाय उचलतों.