हार्ड डिस्क ‘माउंट’ का करावी लागते? एका जुन्या शब्दाचा इतिहास

कोरेगाव परिसराच्या इतिहासावर काम करायचं ठरवलंत, की पुण्याच्या पुराभिलेखागाराच्या फेऱ्या आल्याच. परवानगीने काढलेले मोडी कागदांचे फोटो शेवटी एका यूएसबी हार्ड डिस्कवर जमा होतात. पुण्यात विंडोजवर भरलेली ती डिस्क कोरेगावला येऊन उबुंटूला लावली, तर कधी कधी उघडतच नाही. मग काही जण घाबरून ‘फॉरमॅट’ दाबतात. तुम्ही ते करू नका. आधी माउंट म्हणजे काय ते समजून घेऊ.

बेल लॅब्समध्ये 1969 साली युनिक्सचं काम सुरू झालं. 3 नोव्हेंबर 1971 या तारखेच्या पहिल्या मॅन्युअलमध्येच माउंट आणि अनमाउंट करण्याच्या आज्ञा आहेत. त्या काळी डिस्क पॅक खरोखरच उचलून यंत्रात बसवावा लागे. डेक कंपनीच्या आरके05 पॅकमध्ये जेमतेम अडीच एमबी मावत. आज मोबाईलचा एक फोटो त्याहून मोठा निघतो. युनिक्समध्ये सी, डी अशी ड्राइव्हची अक्षरं नाहीत. सगळ्या फायलींचं झाड एकच. त्यामुळे पॅक बसवल्यावर तो झाडाच्या कोणत्या फांदीला जोडायचा, हेही सांगावं लागे.

म्हणजे कामं दोन: वस्तू जोडणं आणि झाडाला जोडणं. 1996 साली यूएसबी आलं, पहिलं काम सोपं झालं. पुढे दुसरंही डेस्कटॉप गुपचूप करू लागला. म्हणून ‘डिस्क दिसत नाही’ ही तक्रार आपल्याला एकच वाटते. तपास मात्र पायरीपायरीने करा.

पहिली पायरी: कर्नलला डिस्क दिसली का? टर्मिनलमध्ये सुडो लावून ‘डी-एम-ई-एस-जी’ आज्ञा द्या आणि शेवटच्या ओळी वाचा. काहीच नसेल तर केबल, पोर्ट बदलून बघा. वाचनाच्या त्रुटी दिसल्या तर डिस्कच थकलेली असू शकते. पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका. डीडीरेस्क्यूने आधी पूर्ण प्रत काढा.

दुसरी: फाईल सिस्टिम ओळखली का? ‘एल-एस-बी-एल-के’ला ‘उणे एफ’ जोडलं की प्रकार दिसतो. एनटीएफएस 1993 सालचं, पण लिनक्स कर्नलमध्ये त्यावर नीट लिहू शकणारा एनटीएफएस3 ड्रायव्हर 2021 साली, 5.15 आवृत्तीत आला. एक्सफॅट 2019 साली, 5.4 मध्ये. जुन्या संगणकाला डिस्क दिसते, तिची भाषा कळत नाही, असं यामुळे होतं.

तिसरी: डिस्क विंडोजमधून ‘इजेक्ट’ न करता उपटली होती का? मग एनटीएफएसवर ‘अस्वच्छ’ अशी खूण राहते आणि एनटीएफएस3 माउंट करायला नकार देतो. डिस्क बिघडली असा याचा अर्थ नाही, ही सावधगिरी आहे. ‘फक्त वाचा’ पर्यायाने माउंट करून फोटो दुसरीकडे उतरवा. दुरुस्ती त्यानंतर, विंडोजच्या चेकडिस्कने.

माउंट न झाल्याचा संदेशही नीट वाचा. चुकीचा प्रकार, चुकीचा पर्याय, खराब सुपरब्लॉक अशा शक्यता तो एका ओळीत मांडतो. ते निदान नव्हे, नुसती यादी आहे; कारण बहुधा कर्नलच्या नोंदीत सापडतं.

आणि काम झाल्यावर अनमाउंट कराच. लिहिलेला मजकूर काही काळ मेमरीतच थांबलेला असतो. डिस्क तशीच उपटलीत तर तो जातो. दप्तरातल्या मूळ कागदावर आपण पेन टेकवत नाही. एकुलती एक प्रत असलेल्या डिस्कलाही तोच नियम लावा: आधी नक्कल, मग दुरुस्ती.